शनवार तेली

"फॉर्म परत कुणी पाठवला?" रिबेकाचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारत होते.

मीच पाठवला होता.

रोह्याच्या एका कॉलेजात मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळते. गरजू अल्पसंख्याक मुलांचे ऑनलाइन फॉर्म आधी माझ्याकडे येतात. मी कागद जुळवून बघते. त्याला स्क्रूटिनी म्हणतात. रिबेकाने धर्म 'ज्यू' भरला होता. ज्यू यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर धर्माचा रकाना रिकामा आणि जात 'शनवार तेली'. तेली म्हणजे हिंदू, हे मला पक्कं ठाऊक. गरिबाच्या हक्काचं कुणी लाटलं की माझं डोकं फिरतं. घरात लहानपणापासून गरिबांच्या हक्कांचीच पत्रकं वाचलेली. 'खोटी माहिती' असा शेरा मारला आणि फॉर्म परत.

वडील धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून थेट आले होते. स्कॉलरशिप गेली तर पोरीला दुसऱ्या वर्षाला बसवता येणार नाही, एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी सांगितलं, धर्माचं स्वयंघोषणापत्र लागेल, त्यावर मुलीची सही. उद्या शेवटची तारीख, सकाळी तिला घेऊन या.

"उद्या शनवार. शनवारी आम्ही सही करीत नाय, मॅडम."

"पोरीच्या शिक्षणापेक्षा शनिवार मोठा?"

ते जरा हसले. "त्या शनवारावरनंच तर आमचं नाव पडलंय. आमचे आजे तेल गाळायचे. शनवार आमच्या धर्मात विसाव्याचा वार, घाणा बंद. म्हणून गाव बोलायचा, शनवार तेली."

मी दाखला पुन्हा वाचला. दोन शब्दांपैकी एकच वाचून मी निकाल दिला होता.

रिबेका पेणला मावशीकडे गेली होती, संध्याकाळच्या बसने येणार होती. त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू होतो. मी घोषणापत्राची प्रिंट घेतली आणि स्कूटरने त्यांचं गाव, वरसे, गाठलं. ती आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. आई दिव्यांपाशी काडेपेटी धरून थांबली होती.

"आधी सही कर गो."

सही झाली. रिबेकाने फोनवरून कागद चढवला. मग आईने दिवे लावले. आता चूल पेटणार नाही, तुम्हाला चहा द्यायचा राहिला, म्हणून हळहळली आणि डब्यातली करंजी माझ्या हातावर ठेवली.

शनिवारी सकाळी मी फॉर्म मंजूर केला. बटण दाबायला मला मनाई नव्हती. रिबेका आता दुसऱ्या वर्षाला आहे.

जुना शेरा मात्र पोर्टलवरून पुसता येत नाही. त्याखाली मी दुसरा लिहिला: 'चूक तपासणाऱ्याची.'

प्राचार्य म्हणाले, असा शेरा नियमात बसत नाही.

मी म्हटलं, पहिलाही बसत नव्हता.