शेपूचं बी
आज नेहरू नगरच्या बाजारात शेपूची जुडी नाकाशी धरली आणि सेक्टर दोनमधलं आमचं जुनं अंगण आठवलं. कारखाना उभारायला आलेले रशियन इंजिनिअर तेव्हा बायकापोरांसकट समोरच राहायचे. त्यातल्या एका बाईला शेपूचं भारी वेड. रोज आमच्या वाफ्यातला शेपू खुडायची आणि आईजवळ पायरीवर बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, सगळं खुणांनीच चालायचं, तरी आई तिला बहीण मानायची. ते लोक आता परत जाणार, असं बाबांकडून कळलं तेव्हा आईनं तिची ओटी भरायला खण, नारळ, तांदूळ ताटात मांडले आणि मला घेऊन निघाली. दाराला कुलूप होतं. तिथला माळी म्हणाला, “वो लोग तो कल ही चले गए.” भरायला आणलेली ओटी परत कशी न्यायची, म्हणून आईनं ती त्या बंद दाराच्या उंबऱ्यावरच ठेवली. घरी येऊन सगळा वाफा उपटला. बाजारातली ती जुडी मी परत ठेवली. आई आता थकलीय, पण शेपूचा वास आला की अजून भडकते, “जायाच्या आदल्या दिवशी शेपूचं बी मागाले खुना जमल्या तिले, मंग जातो म्हनाले कावून नाई जमल्या?”