सहावा गिअर

औंढा रस्त्यावरचा तो मेकॅनिक बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवतो आणि कशालाही "बराबर!" म्हणतो. पोरांनो, तुमच्या बाबांनी माझ्यावर सोपवलेल्या वेगवान गाडीचा गिअरबॉक्स गेला, तेव्हा मी तसाच दुसरा बसवायला सांगितला. त्याने साध्या गाडीचा स्वस्त, पाच गिअरांचा बसवला. गिअरच्या दांड्यावरची मूठ मात्र सहा आकड्यांची जुनीच ठेवली.

गाडी चालवून पाहिली आणि मी संतापून विचारले, "सहावा पडत का नाही?"

"आजी, हिंगोलीत सहावा टाकायला रस्ता कुठं हाय? काहून तकलीफ करून घेऊन राहिल्या?"

"मग आकडा कशाला ठेवलास?"

"शोभेला."

मी तुमच्या बाबांना फोन लावून त्याच्यापुढे धरला. "ही शोभा गाडीच्या मालकाला समजावून सांग."

फोन घ्यायच्या आधी त्याने हात पुसायला फार वेळ लावला.