शैलाताईंचा क्लॉज

दुपारच्या ड्युटीवर होते, तेव्हा शैलाताईंच्या मुलीचा, कविताचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली. शैलाताई, आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या निवृत्त इंग्रजी शिक्षिका. आदल्या रविवारीच तर घरच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये आम्हा बायकांवर ओरडत होत्या, "क्रियापद कुठंय? क्रियापदाशिवाय क्लॉज कसला!"

देवळ्याला मराठी माध्यमात शिकून मी नर्सिंगसाठी नाशिकला आले. काम पटकन हाताला आलं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की तोंडच उघडायचं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीतून तशीच गप्प परत आले, तेव्हा ताईंनी मला त्यांच्या पुढच्या खोलीत बसवलं. "'इन द वॉर्ड' ही फ्रेज. नुसती जागा कळली. तिथं कोणी काय केलं? 'व्हेन आय एंटर्ड द वॉर्ड'... हा क्लॉज. आता कसं, माणूस आला, हलला! पण हेही अर्धंच गं. ऐकणारा खोळंबलाय, पुढचं बोल!" मग काय, खेळच सुरू झाला. मेथी निवडताना, रिक्षात, बाजारात, कुठेही त्या अर्धं वाक्य टाकायच्या आणि मी ते पुरं करायचं. जमलं की भर रस्त्यात टाळी द्यायच्या, साठी उलटलेली बाई!

पुढच्या मुलाखतीत विचारलं, पेशंट पडला तर काय कराल? मी म्हटलं, "इफ अ पेशंट फॉल्स..." आणि अडले. समोरचे सगळे माझ्याकडे बघतायत... आणि एकदम आठवलं, ऐकणारा खोळंबलाय! "आय विल नॉट लीव्ह हिम अलोन, अँड आय विल कॉल द डॉक्टर!" आलं की! अख्खं वाक्य आलं! नोकरी लागली तशी पेढे घेऊन धावतच ताईंकडे गेले. वाक्य ऐकून त्यांनी मला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पेशंट बाई असेल तर 'हर', बरं का!"

मागच्या रविवारी कविताने आपणहून आम्हाला बोलावलं. "बसा ना. क्लास कशाला बंद?" मग शेजारच्या सुनंदाने फळ्यावर लिहिलं, 'आफ्टर ताई'. "ही फ्रेज," मी म्हटलं. तिने पुढे 'टॉट अस' जोडलं आणि वळून म्हणाली, "आता झाला क्लॉज. करा पुरं!" आणि आम्ही सगळ्या एकदमच ओरडायला लागलो, प्रत्येकीचं वाक्य वेगळं, कुणी कुणाचं ऐकेना. फळा भरला, तरी कुणी खडू सोडेना. कविता दारात उभी राहून हसत होती, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा... मग आत गेली आणि तिने चहाचं मोठं पातेलं चढवलं.