कौल येण्याआधी

महासाथीच्या दुसऱ्या लाटेत मी इस्पितळात पडलो होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. प्राणवायू कमी झाला की माणूस घाबराघुबरा होतो म्हणतात. मी मात्र कोरगावच्या आमच्या काजूबागेत फिरत होतो. बोंडं पिकली होती, वास सुटला होता, पाय जमिनीला लागत नव्हते. मध्येच छताचा पंखा दिसायचा, तोंडावरचा मास्क टोचायचा, की मला भयंकर राग यायचा. इतक्या छान बागेतून माणसाला उठवायचं कशाला?

अशाच एका दुपारी माझ्या खाटेशेजारून डॉक्टरीणबाईंनी बायकोला फोन लावला. ती खाली फाटकाशी बसून होती. वर कुणाला सोडत नसत.

"आजारापेक्षा आता त्यांच्या शरीराचा प्रतिकारच फुफ्फुसांना जास्त इजा करतोय," बाई म्हणाल्या. "स्टिरॉइड पुरलं नाही. तो प्रतिकार आवरणारं आणखी एक इंजेक्शन आहे. पण त्यानं दुसरा संसर्ग डोकं वर काढू शकतो. काय ते लवकर सांगा."

"म्हणजे पातेरो जाळूंक लायल्लो उजो कलमांकच लागलो," फोनमधून बायको म्हणाली.

बाईंना कळलं नाही. मला कळलं. हंगामाआधी आम्ही झाडांखालचा पालापाचोळा जाळतो, आणि आग झाडांवर चढली की आम्हीच ती विझवायला धावतो. मास्कच्या आत मी हसलो आणि पुन्हा बागेत गेलो.

तिकडे माझा थोरला भाऊ या इंजेक्शनसाठी देवळात कौल घ्यायला गेला. लग्न असो की विहीर, देवाला विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. पाकळी बराच वेळ पडेचना. बायको थांबली नाही. तिनं बाईंना हो सांगितलं. मग भावाचा फोन आला.

"डावो कौल पडलो. देव नाय म्हणता."

"दादा, मी हो म्हणान सांगलां."

मी हळूहळू बरा झालो. भाऊ अजून म्हणतो, पाकळी नीट चिकटवलीच नव्हती.

परवा अंगणात काजूबिया वाळत घालताना मी बायकोला विचारलं, "आनी मी गेलो असतो तर?"

"तर सगळो गांव म्हणलो असतो, देव नाय म्हणी होतो, बायलेन घोवाक मारलो," ती म्हणाली. "म्हाका ठावक होतां."

हे सगळं ठाऊक असून ती फाटकाशी एकटी बसून हो म्हणाली होती. मला तिथेच रडू कोसळलं.

"रडतास कित्याक?" ती म्हणाली. "जिते आसास मू."