सवापाचातली पावली

आमच्या आतोबांइतका घाबरट माणूस मालवणच्या बाजारात त्यांच्याआधी झाला नाही आणि त्यांच्यानंतर व्हायचा नाही. त्यांचं कंदील-स्टोव्हचं दुकान होतं. भर वाऱ्यात होडीने खाडी ओलांडतील, फुरसं चपलेने ठेचतील. पण ‘विक्रीकर’ हा शब्द कानावर पडला की हातपाय गार. पँट घातलेला अनोळखी माणूस दिसला की तो साहेबच. एकदा विम्याच्या एजंटाला बघून त्यांनी ऐन बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या! पुढे काही अंगावर येऊ नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन किमती सांगत. “कंदील कराशिवाय पाच रुपये, करासकट सवापाच.” मासे विकणारी बाई करवादायची, “मी कर खंय मागलंय? माका कंदील दी!”

कर शेकडा पाच. पाचावर पावली चढवणं त्यांना जमे. पण मिळालेल्या सवापाचातून शेकडा पाच काढून सरकारात भरले की खाली पुरते पाच उरत नसत, पैसा-सवा पैसा कमी पडे. “झिला, ह्यो पैसो गेलो खंय? सरकारान इचारल्यान तर काय सांगू?” मी समजावून सांगे, पण भ्यालेल्या डोक्यात गणित शिरत नाही.

शेवटी हिशेब तपासायला कणकवलीला बोलावणं आलंच. आतोबांनी तुरुंगासाठी घोंगडी बांधली, किल्ल्या आत्याच्या हातात दिल्या आणि मला बरोबर घेतलं. साहेबांपुढे ते उभेच राहिले.

“सवापाचात पावल्या किती?” साहेबांनी विचारलं.

“एकवीस, साहेब.”

“वीस तुमच्या, एक सरकारची. शेकडा पाच धरायचे ते तुमच्या पाच रुपयांवर, सवापाचावर नव्हे. तुम्ही दर वेळी जास्तच भरलंय. परत मिळण्यासाठी अर्ज करा.”

आतोबा पांढरेफटक पडले. “सरकाराकडे पैसे मागायचे? नको साहेब! राहू द्यात तुमच्याकडेच!”

संध्याकाळी घरी आलो तर आत्या पायरीवर बसलेली. सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

“सोडल्यानी गो माका. चल, जेव.”

“मारल्यानी नाय मां?” एवढंच विचारून ती ढसाढसा रडली. आपल्याहून जास्त भ्यालेलं माणूस घरातच आहे, हे आतोबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

त्यांची भीती काही गेली नाही. पण आत्या होती तोवर आतोबा भ्यायचे ते जरा हळू आवाजात.