वांद्र्यातले सरगुंडे

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. बाभुळगावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी मला वाचायची सवय लावली. त्या सवयीच्या बळावर पुढे मुंबईत, परदेशी पाहुण्यांसाठी शहराची माहितीपुस्तकं काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी मिळाली. सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. कचेरीतल्या संपादकबाई काही वर्षं इटलीत राहून आल्या होत्या. त्यांनी मला काम दिलं, मुंबईत अस्सल इटालियन जेवण कुठे मिळतं ते शोधायचं.

"मॅडम, मी ते कधी खाल्लंच नाही."

"म्हणून तर तुला सांगतेय. तुझी जीभ अजून कोणी बिघडवलेली नाही. बघ, विचार आणि खरं ते लिही."

पास्ता शिजूनही दाताला थोडा लागला पाहिजे, मैद्याचा दाट पांढरा सॉस ओतला असेल तर ते नाव खोडायचं, पीठ तिथेच मळतात का ते विचारायचं, एवढं त्यांनी शिकवलं. मी हॉटेलं धुंडाळू लागलो. एका ठिकाणी पास्त्यावर बारीक शेव भुरभुरलेली होती. एका ठिकाणी इटलीचा म्हणून सांगितलेला आचारी उडुपीचा निघाला. स्वभावाने फार चांगला होता. मी खायचो, लिहायचो आणि पुढच्या हॉटेलात जायचो. चव म्हणाल तर कशाचीच लागत नव्हती.

आदल्या फाल्गुनात माझा मोठा भाऊ गेला होता. कापसाची ती वर्षं तशीच होती. गावाहून फोन आला की "काय झालं?" असं मी विचारत नसे, "कोण?" एवढंच विचारत असे. भावाच्या वेळी फोन करणारे शेजारचे काका त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यावरूनच मला कळलं.

वहिनी मुलांना घेऊन माहेरी राळेगावला गेली. घरात माय एकटी उरली. दिवाळीनंतर मी तिला मुंबईला घेऊन आलो. तिने आता कायमचं माझ्याकडे राहावं, त्या घरात एकटीने राहू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती राहिली. पण खोलीच्या खिडकीशी बसून राहायची, पुढ्यात ठेवलं तेवढं चिवडायची आणि ताट सरकवायची.

माघात एका दुपारी मी तिला कामावर सोबत नेलं. वांद्र्याच्या एका गल्लीत एक इटालियन बाई आणि तिचा इथला नवरा लहानसं हॉटेल चालवत होते.

"अठी जेवाचे पैसे कोण देते?" मायने विचारलं.

"कचेरी."

"अन् पगार?"

"तोही कचेरीच देते."

"अशी नौकरी असते काय रे? जावयासारखी?"

कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच असं काही बोलली होती. मला हसू यायला हवं होतं.

स्वयंपाकघर उघडंच होतं. ती बाई ओट्याशी उभी राहून कणकेची बारीक वळी लोखंडी सळईभोवती गुंडाळत होती. तळहाताने एकदा फिरवायची आणि सळई ओढून घ्यायची. पिळाचा पोकळ तुकडा परातीत पडायचा. माय खुर्चीवरून उठली आणि ओट्याजवळ गेली.

"बाप्पा, हे तं सरगुंडे होत."

खरंच सरगुंडे होते. आमच्याकडे बायका ते तुरीच्या काडीवर वळतात, बाजेवर वाळवतात आणि आंब्याच्या रसासोबत खायला घालतात. इतक्या हॉटेलांत पास्ता खाऊनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या बाईने मायची नजर ओळखली आणि हसून सळई पुढे केली. "आओ, माँ, करो."

मायने दोन्ही हात पदराखाली घेतले. "तिले सांग, आमचं वर्ष नाही सरलं."

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात वर्षभर शेवया, पापड, कुरड्या, सरगुंडे काही करत नाहीत. खायला हरकत नसते. दुसऱ्या घरच्या बायका करून आणून देतात. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळीतल्या बहुतेक सगळ्याच घरांचं वर्ष चालू होतं. आणून देणारं घर उरलं नव्हतं. एकाही बाजेवर काही वाळत नव्हतं. पुढे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बाकीच्या घरांत पुन्हा माणसं गेली आणि त्यांचं वर्ष नव्याने सुरू झालं.

मी त्या बाईला हिंदीत जमेल तसं सांगितलं. तिने सळई खाली ठेवली. थोड्या वेळाने स्वतः ताटली आणून मायसमोर ठेवली. वर टोमॅटोचा रस्सा होता.

"दुसऱ्याच्या हातचं हाय," माय म्हणाली, "चालते." आणि खाऊ लागली. मी तिच्याकडे न बघता माझ्या ताटलीत बघत राहिलो. तिने सगळं संपवलं.

"कशे आहेत?"

"रस पाह्यजे होता." पाणी पिऊन म्हणाली, "आपलं वर्ष होळीले सरते न?"

"हो."

"खालच्या घरचं पोळ्याले. पाटलाच्या बाजूच्याचं दिवाळीले. म्हणजे आपलंच पह्यले सरते."

"मग?"

"मंग काय? यंदा गल्लीत करून देणारं कोण हाय? मले घरी नेऊन दे."

मी म्हणालो, "तिथे तू एकटी राहशील."

"एकटी कायची? येवढ्या घरचं कराचं हाय."

"उन्हाळ्यापुरती जा, मग परत ये."

"पाहू," ती म्हणाली. तिच्या 'पाहू'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे.

सोमवारी मी त्या हॉटेलाचं नाव यादीत पहिलं लिहिलं. संपादकबाई स्वतः जाऊन जेवून आल्या आणि माझी पाठ थोपटली. मी त्यांचे आभार मानले आणि चार दिवसांची रजा मागितली.

धामणगावला उतरून आम्ही एसटी धरली. बाभुळगाव येईपर्यंत माय खिडकीतून तुरीची शेतं बघत होती. घराचं कुलूप तिनेच उघडलं. मी पाणी भरून दिलं, जाळी-जळमटं काढली आणि तिसऱ्या दिवशी परतीला निघालो. ती अंगणात बसून गहू निवडत होती. "पोचलो की फोन करतो," मी म्हणालो. तिने मान हलवली. सूप खाली ठेवलं नाही.