मुंगीचा राक्षस

मुंगी मला पहिल्यांदा भेटली ती टेबलाखाली. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कोणाची तरी खुर्ची उलटली आणि ती जमिनीवर आदळायच्या आत ही मुलगी गायब. मी वाकून विचारलं, "काय हरवलं?" म्हणाली, "काही नाही, सवय आहे." अंगानं एवढीशी, म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. मला वाटलं, भित्री दिसते. माणसं ओळखण्यात मी अशी पटाईत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघं एकत्र आलो. गेम बनवायचा होता, तिघांचाही पहिलाच. चित्रं माझी, प्रोग्रॅमिंग मुंगीचं आणि हुकूम सोडणं कप्तानाचं. दुसरं काही येत नव्हतं म्हणून तो कप्तान. गेम साधा होता. लांब बोळ, शेवटी दार, मध्ये राक्षस. त्याला चुकवून दार गाठायचं. राक्षसानं कधी आणि कसं मारायचं, ते मुंगीनं लिहिलं.

आणि काय मारायचा तो! पहिल्याच चाचणीत त्यानं कप्तानाला केसांना धरून भिंतीवर आपटलं, पडल्यावर पोटात लाथ घातली, उठू पाहिलं तर बोटांवर पाय दिला. माझा जबडा फोडला. वर्गातली पोरं एकामागून एक मेली, दारापर्यंत कोणी पोचेना. कप्तान वैतागला. "अगं, मारायच्या आधी काहीतरी इशारा द्यायला नको? खेळणारा चुकवणार कसा?"

"देतो की!" मुंगीनं कीबोर्ड ओढला आणि एकही फटका न खाता दार गाठलं. "उजवा खांदा जरासा खाली येतो, मग श्वास थांबतो. इतकं तर स्पष्ट आहे."

आम्ही डोळे फाडून पाहिलं तेव्हा कुठे ते दिसलं.

"त्याला ओरडायला लाव ना सरळ," कप्तान म्हणाला.

"तो नाही ओरडत. ओरडलं की शेजारी येतात."

कप्तान हसला. मला काही हसू आलं नाही. तो चहाला गेल्यावर मी विचारलं, "कोण गं हा?"

"माझे बाबा," ती म्हणाली. घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं तिनं. वर ऐटीत म्हणते, "पण मला आजवर एकदाही लागलेलं नाही. मी चपळ आहे. आईला जमत नाही, ती जागची हलतच नाही."

बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. त्यांच्या शांतपणाचं लोकांना कोण कौतुक! शिकाऊ माणसानं गाडी खांबावर घातली तरी म्हणायचे, "असू दे, क्लच हळू सोडा." दिवसभर गिळलेला राग घरी येऊन बायकोवर निघायचा. मुंगीचं एकच ठरलं होतं, आईला त्या घरातून बाहेर काढायचं.

प्रदर्शन जवळ आलं तेव्हा राक्षसाची चाल दुरुस्त करायला मी तिच्या घरी गेले. बाबांनी "ये बाळ, बस" म्हटलं. काकूंचा, म्हणजे मुंगीच्या आईचा, चहा उशिरा आला. बस, एवढंच कारण. मला त्यांचा खांदा खाली येताना दिसला. कित्येक दिवस तोच खांदा मी रंगवत होते. मी तोंड उघडेपर्यंत कपबशी काकूंच्या कानशिलावर फुटली होती आणि मुंगी पलंगापलीकडे पोचली होती. त्यांनी काकूंची मान धरली आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. काकूंनी हातसुद्धा वर केला नाही. आणि हे सगळं कसं, तर शांतपणे, क्लच हळू सोडावा तसं.

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि त्या माणसाच्या पाठीत घातलं. तो वळला तेव्हा गुडघ्यावर घातलं. तो कळवळून खाली बसला. मला त्याची लाज वाटत नाही, आणखी एक घालायचं राहिलं याचंच वाईट वाटतं. काकूंना मध्ये धरून आम्ही दोघी जिना उतरलो.

काकू माझ्या खोलीवर राहिल्या. ओठाला टाके, एक डोळा सुजून बंद. आणि टाके ओले असतानाच म्हणायला लागल्या, "उद्या जाते गं मी. यांना साधा गॅस पेटवता येत नाही." मुंगी भांडली, रडली, पाया पडली. काकू ढिम्म. मला तर त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

संध्याकाळी कप्तान दुरुस्त केलेला गेम घेऊन आला आणि "काकू, तेवढाच वेळ जाईल" म्हणत त्यांच्यापुढे ठेवला. राक्षस कोण, ते त्या गाढवाला काय माहीत! राक्षस समोर आला. "खांदा आला खाली," काकू आमच्या आधी म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. फटका बसला, माणूस पडला. पुन्हा तेच.

"काकू, दिसतंय ना तुम्हाला? मग सरका की!" कप्तान म्हणाला.

"सरकून कसं चालेल? मागे पोर असतं."

"मागे कोणी नाहीये, काकू. गेममध्ये एकच माणूस आहे."

काकूंचं बोट बटणावर तसंच राहिलं. "एकदा सरकले होते मी," त्या म्हणाल्या. "ही नुकती चालायला लागली होती. हिचा हात मोडला. पायरीवरून पडली म्हणून सांगितलं आम्ही सगळ्यांना."

मुंगी पलंगावर बसली होती. तिनं आधी एक हात चाचपून पाहिला, मग दुसरा.  मी कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी खाली हॉर्न वाजला. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती, काकूंनीच फोन करून पत्ता दिला असणार. काकू उठल्या, पिशवी घेतली, चपला घातल्या. या वेळी मुंगी रडली नाही, पाया पडली नाही. ती दारात जाऊन उभी राहिली.

"चल," ती म्हणाली, "मीही येते. पण आता पुढे मी उभी राहणार. तू माझ्या मागे राहायचं."

 खाली हॉर्न वाजतच होता. मग काकूंनी चपला काढल्या.